दुसऱ्या संघाचं अर्धं पान

आमच्या फुटबॉल क्लबाचा दुसरा संघ बंद होणार हे मला ॲस्पॅरॅगसच्या भाजीचे दांडे सोलताना कळलं. मे महिन्यात आमच्या हाडर्सरोडे गावात कुठल्याच घरात दुसरं काही शिजत नाही. फोन क्लबातून होता. यूले बोलत होती. क्लबची पत्रकं, वेबसाइट, जाहिराती असलं सगळं ती बघते. तिशीची आहे, बोलायला गोड आणि कायम घाईत.

"फोल्कमार, तुम्हाला कळलंच असेल ना?"

"काय कळलं असेल?"

"अरे देवा. म्हणजे नाही कळलं. अहो, पुढच्या हंगामापासून दुसरा संघ नाही. कार्यकारिणीने ठरवलंय. शनिवारी शेवटची मॅच."

"बरं," मी म्हटलं. हातातला दांडा सोलून झाला होता, मी पुढचा घेतला. अडतीस वर्षं मी त्या संघाचा व्यवस्थापक होतो. शर्ट धुवायला न्यायचे, खेळाडूंचे ओळखपत्राचे पास सांभाळायचे, मॅचआधी रेफ्रीला द्यायचा तक्ता भरून खाली सही करायची, कुणाचा घोटा सुजला तर बर्फ लावायचा. बातमी ऐकून छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही.

"आम्ही छोटी पुस्तिका काढतोय," यूले म्हणाली. "दुसऱ्या संघाचा इतिहास. तुम्हीच लिहा. अर्धं पान."

"शंभर वर्षांचं अर्धं पान?"

"वरच्या अर्ध्यात फोटो आहे ना! शुक्रवारी दुपारपर्यंत द्या. आणि अठ्ठ्याऐंशीचा किस्सा घाला हं, लोकांना तो भारी आवडतो. ट्रेनरने घातलेला घोळ. शून्य-दोन रोलॉफ."

मी फोन ठेवला. बायको, इर्मगार्ड, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय म्हणते पोरगी?"

"संघ बंद."

"मग रड की जरा. अडतीस वर्षं रविवारी दुपारी मी एकटी जेवले, मला तर रडू येतंय." ती हसत होती, पण माझ्याकडे नीट बघत होती. "आणि तो दांडा सोड. सोलून सोलून काडी केलीस त्याची."

संध्याकाळी लिहायला बसलो. सुरुवात सोपी होती. एकोणीसशे एकवीस साली, पहिल्या संघात जागा न मिळालेल्या अकरा जणांनी दुसरा संघ काढला. त्यांतले दोघे चष्मेवाले होते आणि एकाला डाव्या पायाचा अंगठा नव्हता. मुख्य मैदान पहिल्या संघाचं. आम्हाला बाजूचं लाल राखेचं. त्यावर पडलेल्या माणसाच्या गुडघ्यातली लाली जन्मात जात नाही, माझ्या अजून आहे. पहिल्या संघाचे शर्ट दोन वर्षं वापरून झाले की आमच्याकडे यायचे. एकोणीसशे चौसष्टला सरावात आम्ही पहिल्या संघाला चार-एक हरवलं, तेव्हा कार्यकारिणीने काय केलं? असा सराव पुन्हा घ्यायचा नाही म्हणून ठराव केला. आमच्यातला कुणी चांगला निघाला की वर नेणार, वरचा कुणी बिघडला की खाली आमच्याकडे पाठवणार. दुसऱ्या संघाचं सगळं आयुष्य हे असं.

मग एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी आलं आणि पेन थांबलं.

क्लबच्या जुन्या इतिहासग्रंथात त्या सालावर एकच ओळ आहे: 'ट्रेनर रोलॉफ यांच्या चुकीमुळे दुसऱ्या संघाची बढती हुकली.' ती ओळ खोटी आहे असं छत्तीस वर्षं एकट्या मला माहीत होतं. चूक माझी होती.

झालं असं. त्या वर्षी आम्ही आमच्या साखळीत पहिले होतो. शेवटची मॅच रविवारी, जिंकलो की वरच्या साखळीत. त्याआधीच्या बुधवारी पहिल्या संघाची मॅच होती आणि मी ती बघायला गेलो होतो. माझी एक खोड आहे, सगळं गाव त्यावरून मला हसतं. पंच्याऐंशीवं मिनिट लागलं की मी उठतो. शेवटच्या शिट्टीनंतर वाहनतळावर अर्धा तास अडकायचं कशाला? त्या दिवशीही उठलो. मी गाडीत बसून चावी फिरवत होतो तेव्हा मैदानात ओलाफ बेनेकेला बदली खेळाडू म्हणून उतरवलं गेलं. सत्त्याऐंशीवं मिनिट. ओलाफ म्हणजे आमचाच आघाडीचा पोरगा, वीस वर्षांचा, मांजरासारखा चपळ.

आणि तेव्हाचा आमच्या विभागाचा नियम असा, की पहिल्या संघातून एक मिनिट जरी खेळला, तरी तो खेळाडू पुढचे दहा दिवस दुसऱ्या संघात चालत नाही. गुरुवारच्या पेपरात बदली बारीक अक्षरात छापून आली होती. एरवी मी ती अक्षरं भिंग लावून वाचायचो. त्या दिवशी नाही वाचली. मॅच मी स्वतःच पाहिली होती ना!

रविवारी मी तक्त्यात ओलाफचं नाव लिहिलं, सही केली, त्याचा पास रेफ्रीच्या हातात दिला. ओलाफने दोन गोल मारले. आम्ही दोन-एक जिंकलो. ओलाफने बिअरचे दोन क्रेट आणले आणि आम्ही अंगावर बिअर ओतून घेत गाणी म्हटली. मंगळवारी समोरच्या क्लबने तक्रार केली. निकाल फिरवला, शून्य-दोन, आम्ही हरलो. बढती त्यांना मिळाली.

कार्यकारिणीने दोघांना बोलावलं, मला आणि ट्रेनर एकहार्ट रोलॉफला. अध्यक्षाचा फर्निचरचा कारखाना होता आणि मी तिथेच फोरमन होतो. नोकरीही जाईल असं वाटत होतं. रोलॉफ आधी आत गेला. दहा मिनिटांत बाहेर आला आणि म्हणाला, "घरी जा फोल्कमार. संपलं. मी सांगितलं त्यांना, मला माहीत होतं म्हणून."

मी घरी गेलो. त्याने माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं हे मला कळलं होतं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो. त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्या संघाचं प्रशिक्षकपद मिळणार होतं, अगदी ठरलेलं होतं. त्याऐवजी त्याला काढलं. मग त्याने ड्रायव्हिंग स्कूल काढलं. शिकाऊ गाडी चौकात बंद पडली की पोरं ओरडायची, "शून्य-दोन! शून्य-दोन!" तो पुन्हा मैदानावर फिरकला नाही. मी त्यापुढे तीस वर्षं संघात राहिलो. तो ज्या बेकरीत जायचा ती मी सोडली. रस्त्यात समोर आला की मी बुटाची नाडी बांधायचो.

इर्मगार्डलाही हे माहीत नव्हतं. त्या रात्री जेवताना सांगितलं. तिने हातातला ब्रेडचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणून आपण चांगला ब्रेड सोडून तो दगडासारखा ब्रेड खातोय, छत्तीस वर्षं?"

"हो."

"लिही मग. खरं ते लिही. पण आधी त्याला दाखव. चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे तो. पुस्तिकेत वाचायला लावू नकोस."

गुरुवारी दुपारी तीनला, कॉफीच्या वेळेला, मी चेरीचा केक घेऊन गेलो. रोलॉफ अजून आपल्या जुन्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. दार उघडायला त्याला वेळ लागला. अंगाने वाळलाय, पण आवाज तोच, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा.

"नाड्या सुटल्यात का रे तुझ्या?" तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. सुटल्या नव्हत्या.

"नाही, मला बघितलं की सुटतात ना, म्हणून विचारलं. ये आत."

कॉफी त्यानेच केली. मी पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, खालच्या तीन ओळी दोनदा वाचल्या. त्या अशा होत्या: 'अठ्ठ्याऐंशीची चूक ट्रेनर रोलॉफची नव्हती. मी मॅच संपण्याआधी निघून गेलो होतो आणि न तपासता नाव लिहिलं. त्यांनी माझ्यासाठी दोष घेतला.'

"गाढवा," तो म्हणाला.

"मला कळतंय ट्रेनर, फार उशीर..."

"तुला काही कळत नाही. मी कशाला तुझ्यासाठी दोष घेऊ? तू काय माझा जावई होतास?" त्याने चष्मा काढला. "त्या बुधवारी मी कुठे होतो?"

"घरी. प्रेक्षकांत तुम्ही नव्हतात."

"घरी नाही. बाकावर. पहिल्या संघाच्या बाकावर बसवलं होतं मला, पुढे तो संघ मलाच मिळणार म्हणून. ओलाफच्या शर्टाची कॉलर मी सरळ केली रे. मी त्याला आत पाठवलं."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं. कार्यकारिणीपुढे मी तेच सांगितलं, मला माहीत होतं. खरं सांगितलं, आयुष्यात एकदाच. तीन मिनिटं कोण बघतंय म्हटलं. ओलाफशिवाय आपण ती मॅच जिंकत नव्हतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू नाव लिहिलं असतंस?"

"नाही."

"मग?" त्याने केकचा तुकडा तोडला आणि खाल्ला नाही. "तू पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठताना मला बाकावरून दिसलास. टोपी घातलीस आणि निघालास. मी मनात म्हटलं, हा गेला, बरं झालं. फोल्कमार, सही तुझी होती. मी तुझी सही वापरली. नंतर तू मला बघून वाकायला लागलास. वाटलं, याला सगळं उमगलं, आता हा माझं तोंड बघणार नाही. बरोबरच आहे म्हटलं."

भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याकडे बघत बसलो. मला राग यायला हवा होता. छत्तीस वर्षं मी ज्या माणसाचा गुन्हेगार होतो, तो माझा गुन्हेगार निघाला. ओरडावं, निदान कप आपटावा, असं काहीतरी सुचायला हवं होतं. पण दातांच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल असतो ना, तसा मी सगळाच झालो होतो. कॉफी संपवली. ती गार झाली होती.

"लिहू काय मग?" शेवटी मी विचारलं.

"रोलॉफला माहीत होतं, असं लिही."

"आणि मी लवकर निघालो ते?"

"ते कशाला? ते सगळ्या गावाला माहीत आहे."

तिथेच, त्याच्या टेबलावर, मी खालच्या ओळी खोडल्या आणि नव्या लिहिल्या. 'अठ्ठ्याऐंशीला आम्ही मैदानात जिंकलो आणि कागदावर हरलो. एकाला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. दुसऱ्याला माहीत नव्हतं आणि त्याने विचारलं नाही.' खाली दोघांची नावं. त्याने वाचलं आणि पेन मागितलं. स्वतःच्या नावापुढे सही केली, वाकडीतिकडी. मग पान माझ्याकडे सरकवलं. मीही केली.

यूलेला शुक्रवारी पान दिलं. तिने वाचून विचारलं, "हे एवढंच? किस्सा कुठाय?" मी म्हटलं, हाच किस्सा. तिने खांदे उडवले आणि छापलं, सह्यांसकट. जागा उरली म्हणून फोटो मोठा केला.

शनिवारी मी रोलॉफला गाडीतून आणलं. तिकीट फाडणाऱ्याने त्याला ओळखलं. तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन पुस्तिका दिल्या. लाल राख आता राहिली नाही, प्लास्टिकचं गवत आहे. एकसष्ट माणसं आली होती, मी मोजली. सॉसेजच्या टपरीपाशी इर्मगार्ड तिच्या मैत्रिणींना सांगत होती, "एकसष्ट माणसं, चौदा गाड्या, आणि बघालच तुम्ही, हा गर्दी टाळायला लवकर निघेल."

आम्ही एक-तीन हरत होतो. पोरं चांगली धावत होती, उद्यापासून त्यांना धावायला संघ नाही हे विसरल्यासारखी. रोलॉफ एकदाच, डाव्या बाजूने खेळणाऱ्या पोरावर ओरडला आणि ते पोरगं दचकलं.

मी घड्याळ पाहिलं नव्हतं, देवाशपथ. पण पंच्याऐंशीवं मिनिट गुडघ्यांना कळतं. मी उठलो, टोपी घातली. माझी बाही कुणीतरी घट्ट धरली.

"बस खाली," रोलॉफ म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, मैदानाकडे बघत होता. "अजून एक बदली व्हायचीय."

मी बसलो. कडेला एक पोरगा मोजे वर ओढत उभा होता. ट्रेनरने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि पाठीवर थाप मारून त्याला आत सोडलं. इतके दिवस जे काही येत नव्हतं ते तेव्हा आलं, आणि चांगलंच आलं. मी टोपी तोंडावर ओढली. रोलॉफने माझी बाही शिट्टी होईपर्यंत सोडली नाही.