यादीतला पहिला नंबर

दाराच्या काचेवर धरलेली वाफ डेसने बाहीने पुसली आणि पुन्हा आत डोकावून पाहिलं. वाफ त्याच्याच श्वासाची होती.

आत टेबलाभोवती चौघे जण चहा आणि टोस्ट घेऊन बसले होते. डोक्याला विजेचा शॉक देऊन झाला, भूल उतरली, नाव-गाव-साल विचारून झालं, की पेशंटला या टेबलाशी आणून बसवायचं, अशी तिथली रीत. नातेवाइकांनी मात्र सिस्टरचं बोलावणं आल्याखेरीज आत यायचं नाही. डेसची बायको ग्लेनिस दाराकडे पाठ करून बसली होती आणि तिच्या शेजारी तो नेव्हिल, हडकुळा, जन्मभर शाळेची बस चालवलेला. तोही उदासीच्या आजारावर शॉक घ्यायला यायचा.

"एकदा मी बस रिकामीच शाळेपर्यंत नेली," नेव्हिल सांगत होता. दार किलकिलं होतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"मग?" ग्लेनिसने विचारलं.

"पोरं मागून पळत आली. वर्षात तेवढ्याच दिवशी सगळी वेळेवर पोचली."

ग्लेनिस हसली. चहा हिंदकळून बशीत सांडेपर्यंत हसली.

डेसने हा विनोद आजवर चार वेळा ऐकला होता आणि चारही वेळा ती इतकीच हसली होती. घरी मात्र दोन वर्षांत हसू म्हणून नाही. धार काढता काढता ती गोठ्यात खाली बसायची ती तासन्‌तास उठायची नाही. जेवण सुटलं, गोळ्या बदलून झाल्या, शेवटी डॉक्टरांनी सोमवार-बुधवार-शुक्रवार असे बारा शॉक सांगितले. डेस पहाटे दूध काढून, तिला उपाशीपोटी गाडीत घालून, धुक्यातून साठ किलोमीटर आणायचा. आणि हसायचं कुणाच्या विनोदाला, तर या बसवाल्याच्या.

"गंमतच आहे दोघांची," लुपे सिस्टर बाहेर येऊन म्हणाली. ती मूळची टोंगा बेटांवरची, सहा फुटी आणि सदा आनंदी. "शॉकने अलीकडचं तेवढं पुसलं जातं ना. दर खेपेला ही त्याला नाव विचारते. तो सांगतो. मग तोच विनोद. त्याला सांगितल्याचं आठवत नाही, हिला ऐकल्याचं."

"छान," डेस म्हणाला. त्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. चाळीस वर्षांचा संसार ग्लेनिसला जसाच्या तसा आठवत होता, आणि नेमकं तेच त्याला नडत होतं. त्याला काही कुणी दर दोन दिवसांनी नव्याने नाव विचारणार नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्याने घसा खाकरला. "एकदा मी बस रिकामीच शाळेपर्यंत नेली."

ग्लेनिसने बटाट्यावरून नजर उचलली. "तू कधी बस चालवलीस?"

"समज, चालवली."

"तुला साधा ट्रॅक्टर मागे घेता येत नाही, डेस," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बघू लागली.

शुक्रवारी दाखल करताना त्याने लुपेला बाजूला घेतलं. "उपाशी राहिली की हिला चक्कर येते. पहिला नंबर देता येईल का?"

"आधी बोलला नाहीत?"

"हल्लीच सुरू झालंय."

चक्करबिक्कर काही नव्हती. पण साखरेच्या आजारवाल्यांना आणि चक्कर येणाऱ्यांना आधी घेतात, हे त्याने भिंतीवर वाचलं होतं. लुपेने यादीत खाडाखोड केली. ग्लेनिस पहिली झाली. नेव्हिल लांबून यायचा, उशिरा पोचायचा, त्यामुळे तो खालीच राहिला. डेसला इतकं बरं वाटलं, की त्याने यंत्रातली ती बेचव कॉफीसुद्धा संपवली.

साडेआठला लुपेने त्याला आत बोलावलं. टेबलाशी ग्लेनिस एकटीच होती. शेजारच्या खुर्चीवर तिने आपला स्वेटर घडी करून ठेवला होता. टोस्टला हात लावलेला नव्हता. डेस स्वेटर उचलून बसायला गेला.

"तिथे नको. जागा धरलीय," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

तिने आठवून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. कपाळावर शॉकआधी लावलेल्या जेलचा ओला डाग अजून होता. "ते नाही सांगता येत. पण असतं इथे कुणीतरी."

रागाने डेसचे कान तापले. नाव नाही, चेहरा नाही, तरी त्या माणसासाठी हिने जागा धरलेली. तिच्या खाटेशी, गोठ्यात, डॉक्टरांच्या दारात तो दोन वर्षं ताटकळला, त्याच्यासाठी कुणी खुर्ची धरली होती? तो तोंड उघडणार इतक्यात ती मान वळवून दाराकडे बघू लागली. दोन वर्षं ती कशाकडेच बघत नव्हती. आता बघत होती. वाट बघत होती.

तो स्वेटर तसाच ठेवून लुपेकडे गेला. "सोमवारपासून हिला जुन्याच नंबरवर घ्या."

"आणि चक्कर?"

"चक्कर नव्हतीच. मी खोटं बोललो."

लुपेने त्याच्याकडे पाहिलं, मग यादीकडे. ती रागावली नाही, तेच त्याला जास्त लागलं. "नेव्हिलसाठी म्हणत असाल, तर त्याचा आजचा शेवटचा. उद्या त्याची बहीण त्याला दूर क्वीन्सलँडला नेतेय, कायमचा."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही कुठे विचारलंत?"

डेसने घड्याळाकडे पाहिलं. "किती वाजता येईल तो टेबलाशी?"

"साडेदहा तरी होतील."

साडेनऊला गोठ्यावर गुरांचा डॉक्टर यायचा होता. डेसने शेजाऱ्याला फोन लावला. "वासरांकडे तूच बघ. आणि डॉक्टरला सांग, मंगळवारी ये म्हणावं." शेजाऱ्याने विचारलं, ग्लेनिसचं काही बिघडलं का? "नाही रे. जरा बरं आहे," डेस म्हणाला.

आत येऊन त्याने स्वेटरला हात न लावता समोरची खुर्ची ओढली. वाट बघून कंटाळलेली ग्लेनिस आता उठायच्या बेतात होती.

"निघायचं ना? वासरं खोळंबली असतील."

"बस जरा. थांबू या."

"कशाला?"

डेसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एक जण यायचाय," तो म्हणाला. "गमतीचा आहे."