आखूड बाह्यांचा कोट

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरकोट आहे. माझ्या तपकिरी रंगावर जाऊ नका, तो मागाहून चढवलेला आहे. लष्कराच्या शिवणखान्यात मी करडा जन्मलो. युद्ध हरल्यावर लष्करी कपडे घालायला बंदी आली, तेव्हा अख्ख्या बर्लिनने आपापले कोट रंगाच्या पातेल्यात बुडवले. एका हिवाळ्यात सारं शहर तपकिरी झालं आणि सैनिक म्हणे कुणीच नव्हता.

माझे मालक लोमानसाहेब सिनेमाचे दिग्दर्शक झाले. पडक्या घरांत त्यांचं चित्रीकरण चाले. कथा होती घरी परतलेल्या सैनिकाची. शेवटी तो म्हणतो, "मला काहीच माहीत नव्हतं." नायकासाठी साहेबांनी मलाच दिलं. "बाजारात बटाटे देऊन घेतला," असं सांगितलं. मी काय बोलणार?

कपडेपट वाल्बुर्गाबाईंकडे होता. त्यांचा माणसांवर सोडाच, दोऱ्यावरही विश्वास नसे, ओढून बघत. त्यांनी माझी डावी बाही उजेडात धरली. मनगटापाशी दोन बोटं रुंद पट्टा गडद राहिला होता, कडेने टाक्यांची भोकं. तिथे तुकडीच्या नावाची पट्टी असायची. बाईंच्या ज्यू घरमालकिणीला ज्या लोकांनी जिन्यावरून खाली नेलं, त्यांच्या बाहीवरही तसलीच पट्टी होती. बाईंनी मला उचललं.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. "हा कोट बाजारातला ना?"

"सांगितलं ना एकदा."

"उजव्या खांद्यात जास्तीचा कापूस भरलाय. तुमचाही उजवा खांदा उतरताच आहे की."

साहेबांनी दार लोटलं. "तो पट्टा पडद्यावर दिसेल. दोन्ही बाह्या चार बोटं कापा. आणि बाई, तुमचं रेशनकार्ड या कामामुळे चाललंय, एवढं ध्यानात ठेवा."

"कापते. पण नायकाच्या तोंडचं ते वाक्य तेवढं काढा."

"लोकांना तेच तर ऐकायचंय."

बाईंनी कापलं. करणार काय, घरात खाणारी तोंडं होती. पट्ट्याचा तुकडा मात्र बटणांच्या डब्यात गेला. "जाळलात ना?" साहेब अधूनमधून विचारत. "कुठे ठेवला, शोधते हं," बाई म्हणत. साहेबांची झोप त्या डब्यात अडकली ती कायमची.

सिनेमा गाजला. त्या वाक्याला लोक हमसून रडले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, आखूड बाह्यांतून दिसणारी नायकाची मनगटं बघून गरिबी काळजाला भिडते.

आता मी संग्रहालयात काचेआड असतो. डांबराच्या गोळ्या वेळच्या वेळी बदलतात. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण बाही आखूड का, हेही विचारा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. युद्धात एका गावातली माणसं मारायला रांगेने नेली, तेव्हा लोमान उभा राहून बघत होता. थंडी फार होती. गळ्यापर्यंत बटणं लावून त्याला ऊब मीच दिली.