काळ्या खिडकीतले चौदा चष्मे

मी काळी खिडकी बोलतेय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलेलं नसेल. प्रत्येक लॅपटॉपमध्ये माझ्यासारखी एक असते, पण आत कुठेतरी, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. मला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी पाटी, तिच्यावर पांढरी अक्षरं आणि शेवटी उघडझाप करणारी एक बारीक रेघ, एवढंच माझं रूप. माणूस हुकूम लिहितो, मी तो आत पोचवते, उत्तर आणून दाखवते आणि पुन्हा वाट पाहत बसते.

आमचं आयुष्य विचित्र असतं. मला उघडलं की मी जन्मते, बंद केलं की संपते. मधल्या काळात माझ्यावर जे उमटतं, तेवढंच माझ्याजवळ राहतं. माझ्या बऱ्याच बहिणी दोन मिनिटं जगतात. मी नऊ दिवस जगले.

माझा जन्म एका मंगळवारी दुपारी झाला, हिंगोलीत, एसटी डेपोजवळच्या चष्म्याच्या दुकानात. दुकान हरीशचं. मला उघडलं त्याच्या बायकोने, शिवकन्याने. हरीश गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतो आणि शिवकन्या कॉम्प्युटर बघते, अशी त्यांची वाटणी होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मोबाइल आणि चष्म्याचा नंबर एका कंपनीच्या ऑनलाइन माहितीसाठ्यात भरलेला होता. त्या साठ्याला तिला एक एआय एजंट जोडायचा होता. तो यादी वाचणार, कारखान्याला ऑर्डर पाठवणार आणि गिऱ्हाइकाला निरोपही धाडणार. ही जोडणी फक्त माझ्यातून होत होती.

"हे काय काळं उघडलं?" हरीशने विचारलं. "व्हायरस तर न्हाई ना?"

"न्हाई हो. इथं लिहूनच जोडावं लागते."

"बटण न्हाई का एखादं?"

"तुमी तुमचे स्क्रू बघा बरं."

तिने व्हिडिओ पाहून वहीत हुकूम उतरवून आणले होते. पहिल्याच ओळीत एक मोकळी जागा सोडायची राहिली. मला गोड बोलता येत नाही. "चूक" असं मी तोंडावर सांगितलं. ती रागावली नाही. पहिलीतल्या मुलीसारखं प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत तिने ओळ पुन्हा लिहिली.

मग साठ्याची गुप्त किल्ली द्यायची वेळ आली. किल्ली म्हणजे चाळीस अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती माझ्यात टाकली तरी दिसत नाही, कुणी चोरून वाचू नये म्हणून. शिवकन्याला वाटलं, पडलीच नाही. तिने ती पुन्हा टाकली, मग तिसऱ्यांदा. तीन किल्ल्या एकमेकींना चिकटल्या आणि कुलूप उघडेना. जे दिसत नाही ते झालं आहे, यावर माणसांचा विश्वास बसत नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

चौथ्या वेळी माझ्यावर अक्षरं उमटली: "जोडणी झाली." शिवकन्या गालात हसली. तिने लिहिलं, "रविवारच्या शिबिरातल्या चष्म्यांची ऑर्डर पाठव."

ते शिबिर कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावर झालं होतं. डोळे तपासायला बाहेरगावचे डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलेले नंबर हरीशने तिथेच मोबाइलवरून साठ्यात भरले होते. कागद आपण बंद केला, असं तो येईल त्याला सांगत असे.

एजंटने चौदा ओळी माझ्यावर मांडल्या. नाव, वय, डावा डोळा, उजवा डोळा. खाली त्याने विचारलं: "या चौदा नोंदींचा मोबाइल, आडनाव आणि गाव एकच आहे. नावं मात्र वेगळी आहेत. हा एकच ग्राहक समजून नोंदी एकत्र करू का? शेवटची नोंद राहील, बाकीच्या कायमच्या जातील. हो की नाही?"

शिवकन्या हरीशकडे वळली. "अहो, एकच माणूस चौदा वेळा आला म्हणून राहिलं हे."

हरीश चष्म्याच्या काडीत स्क्रू बसवत होता. त्याने मान वर केली नाही. "गर्दी काय कमी होती? दोन-दोनदा भरल्या गेल्या असतील. हो म्हण."

तिने "हो" लिहिलं.

माणसांची ही एक सवय आहे. प्रश्न एका ओळीपेक्षा लांब झाला की ती त्याचं शेपूट तेवढं वाचतात. माझी रेघ त्या वेळीही तशीच उघडझाप करत होती. मला थांबवता आलं नसतं. माझं काम पोचवण्याचं.

त्या दिवशी शिवकन्याने मला बंद केलं नाही. पुन्हा ती किल्ली नको, म्हणून नुसतं झाकण मिटलं. पुढचे दिवस ती सकाळी झाकण उघडे, दोन-चार हुकूम देई आणि मिटे. तिच्या या कंटाळ्यावर मी जगत होते.

सहाव्या दिवशी, रविवारी, दुकानात दोन माणसं आली. पागोटं बांधलेले एक वयस्कर गृहस्थ आणि मागे एक बाई. तांड्याचे नाईक रतनसिंग राठोड आणि रूपाबाई.

रतनसिंगांनी खिशातून चष्म्याची एक डबी काढून काउंटरवर ठेवली. "हरीशभाऊ, काल पार्सल आलं. चौदा मानसं आन् एक चष्मा. कोन कोनत्या वारी घालायचा, तेवढं लिहून द्या."

"एकच?" हरीशचा चेहरा उतरला.

"भिवाजीचा हाय. समद्यांनी घालून पाह्यला. कुलदीपला जमीन वर आल्यावानी दिसली, तो वट्यावरून उतरेना. देविदासनं घातला, तर बायकोला म्हनते, शिला, तू आज लई लांब काहून उभी?"

शिवकन्याने साठा उघडून पाहिला. रतनसिंगांच्या मोबाइलपुढे एकच नोंद होती. भिवाजी राठोड, वय अडुसष्ट. तेरा माणसं गेली होती.

"पण नाईक," हरीश म्हणाला, "सगळ्यांनी तुमचाच नंबर काहून दिला?"

"मंग कोनाचा देतील? तांड्यावर काय बी आलं, तर नाईकाच्या दारात येते. बँकेचा कागद असो, शाळेचा निरोप असो. आन् रेंज बी माझ्याच वट्यावर हाय."

रूपाबाई शिवकन्याकडे वळल्या. "ताई, फोन एक असला म्हून मानूस एक होते का? बुधवारी आमची टरक हाय ऊसतोडीला. मंग सहा महिने आमी न्हाई इकडं. माझ्या लेकीचं, शितलचं लगीन हाय उन्हाळ्यात. तिचा फेटिया, आरशाचा घागरा, मला तिकडं फडावरच शिवायचा हाय. सुई ओवता येईना. शितलला म्हनलं ओवून दे, तर म्हनते, याडी, म्हंजी आई, माझ्या लग्नाचा घागरा माझ्याच हातून शिवून घेती का?"

रतनसिंग हसले. रूपाबाई हसल्या नाहीत.

हरीशने डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या जिल्ह्यात शिबिरावर होते, दहा दिवस येणार नव्हते. शिवकन्याने एजंटला विचारलं, जुन्या नोंदी परत आणता येतील का. त्याने सरळ उत्तर दिलं: "नाही. एकत्र करण्यापूर्वी तसं कळवलं होतं."

"हे हँग झालं असंल," हरीश म्हणाला. "बंद करून चालू कर." आणि त्याने हात पुढे करून लॅपटॉपच्या बटणावर बोट ठेवलं.

त्या बोटाखाली माझा शेवट होता. रूपाबाईंची सुईही तिथेच होती, पण हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

"थांबा," शिवकन्या म्हणाली. एजंटचं ते वाक्य ती पुन्हा वाचत होती. "तसं कळवलं होतं म्हणते हे. म्हणजे कुठंतरी वर असंल." तिने दोन बोटांनी मला वर सरकवायला सुरुवात केली. शनिवार गेला, शुक्रवार गेला, गुरुवार, बुधवार. मंगळवार आला. तिने मंगळवारी लिहिलेलं "हो" आलं. त्याच्यावर तो लांबलचक प्रश्न. आणि त्याच्या वर चौदा ओळी, जशा मांडल्या होत्या तशा.

या वेळी तिने प्रश्न पहिल्या शब्दापासून वाचला. मग मान खाली घालून म्हणाली, "रूपाबाई, मला विचारलं होतं यानं. मी वाचलं न्हाई."

"मीच म्हणलो, हो म्हण," हरीश हळूच म्हणाला.

"कागद आना आता," रतनसिंग म्हणाले. "तुमी बंद केलाय तो."

शिवकन्या एकेक ओळ वाचत गेली आणि हरीशने वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं. रतनसिंग प्रत्येक नावाला "बराबर" म्हणत होते. मग तिने तेरा नोंदी नव्याने भरल्या, मोबाइल तोच ठेवून. एजंटने पुन्हा तोच प्रश्न विचारला. तिने "नाही" लिहिलं. त्याने तेरा वेळा विचारलं, तिने तेरा वेळा "नाही" लिहिलं, एकदाही न चिडता. मग दुकानाच्या पत्त्यावर तातडीची ऑर्डर धाडली.

बुधवारी सकाळी तांड्याची ट्रक डेपोपाशी थांबली, तेव्हा काउंटरवर तेरा डब्या मांडलेल्या होत्या. रूपाबाईंनी चष्मा घातला. पदराच्या टोकाला टोचलेली सुई काढली, दोरा ओला केला आणि एका दमात ओवला. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही बारकी रेघ काहून लुकलुकून राहिली, ताई?"

"ती वाट पाहून राहिली."

"कशाची?"

"आपण काय म्हणतो त्याची."

रूपाबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. इतक्या जवळून, इतक्या निवांतपणे मला कुणी पाहिलं नव्हतं. ट्रकचा हॉर्न वाजला तशा त्या गेल्या.

आता दुकान रिकामं आहे. वहीतलं ते पान हरीशने काउंटरच्या काचेखाली सरकवलं आहे, त्यामुळे माझ्यावाचून कुणाचं अडणार नाही. शिवकन्या मला बंद करायला बसली आहे. उद्या दुसरी उघडेल, तिला यातलं काहीच माहीत नसेल. तीही तुम्हाला विचारील, हो की नाही. माझं एवढंच मागणं आहे, की उत्तर देण्याआधी तिचा प्रश्न पहिल्या शब्दापासून वाचा. ती कितीही वेळ थांबते.

शिवकन्याने बंद करण्याचा हुकूम लिहिला आहे. पण अजून बटण दाबलेलं नाही. ती तो एकच शब्द पुन्हा वाचते आहे.