नागपंचमीचा दोडका

नागपंचमीची सकाळ उजाडली की खुशालराव पाटलांच्या घरात भाजी चिरायची विळी, म्हणजे वऱ्हाडातली पावशी, फडताळात जायची आणि तवा भिंतीला टेकवून ठेवला जायचा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमिनीत कुदळ घालायची नाही. न जाणो, कुठे नागोबाला इजा व्हायची. नांदगाव खंडेश्वराच्या बाजूचं हे गाव या बाबतीत फार कडक होतं. पाटलांची बायको गोदाबाई पहाटेपासून पुरणाची दिंडं उकडत होती.

याच पुण्यवान घराच्या अंगणात, निंबाखाली, लोखंडी गजांचा पिंजरा होता आणि पिंजऱ्यात अजगर होता. मेळघाटातल्या लाकूडतोड्यांनी तो पाटलांना आणून दिला होता. पाटलांनी तो ठेवून का घेतला? तर शेजारच्या गावच्या पाटलाकडे अरबी घोडा होता म्हणून. एकदा दौऱ्यावर आलेला गोरा साहेब या पिंजऱ्यापुढे थांबला आणि ‘व्हेरी गुड’ म्हणून गेला, तेव्हापासून खुशालरावांची मान काही खाली आली नव्हती.

एरवी गडी या अजगराला कोठारात सापळ्यात मेलेल्या घुशी टाकत. तो त्या अख्ख्या गिळी आणि वेटोळं करून निजून राही. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती माणसांची, कारण मेलेली घूस गिळलेली बघायला कोणी पाहुणा येत नाही. म्हणून पाटलांनी पंचमीचा नैवेद्य काढला. त्या दिवशी पिंजऱ्यात जिवंत जनावर सोडायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून बघायचं. भटजींनीही मान डोलावली. आपण शस्त्र लावत नाही, नागोबा आपणहून स्वीकारतो, मग यात हिंसा कुठे आली, असं त्यांनी समजावून सांगितलं. पोटभर जेवलेल्या माणसाला असले अर्थ लवकर सुचतात.

गेल्या वर्षी ससा होता. अजगराला भूक नव्हती, त्यामुळे ससा दुपारभर कोपऱ्यात थरथरत बसला, आणि बाहेर पाहुणे दिंडं खात ‘आता धरते, आता धरते’ म्हणत बसले. शेवटी कोणीतरी अजगराला काठीने डिवचलं. सगळ्यांत पुढे अकोल्याचे वामनराव वकील होते. हे गृहस्थ भूतदयेवर व्याख्यानं देत. जठारपेठेत एखाद्या टांगेवाल्याने घोड्याला चाबूक मारला की ते त्याला भर रस्त्यात थांबवून उपदेश करत. सशासाठी त्यांनी तोंडातलं दिंडसुद्धा थांबवलं नाही.

यंदा शेळीचं पिल्लू ठरलं होतं. ते होतं मैनाबाईचं. मैनाबाई ही खुशालरावांची विधवा बहीण. तिचा मुक्काम मागच्या खोलीत. पिल्लाची आई वितानाच मेली, तेव्हा मैनाबाईने त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. रात्री ते तिच्या पोटाशी निजे. सणाच्या दिवशी मैनाबाईचं तोंड दिसलं तर अपशकुन होई, म्हणून तिने बाहेर यायचं नाही. तिने वाढवलेलं पिल्लू मात्र देवाला चालत होतं.

“दादा, लेकरावानी वाढवलं म्या त्याले,” ती सकाळी दारामागून म्हणाली. “दुसरं काईबी घ्या.”

“देवाच्या कामात आडवी येऊ नको, मैना,” खुशालराव म्हणाले. “गावात सांगून झालं. यंदा तुई वैनी आपल्या हातानं सोडन त्याले पिंजऱ्यात. वकीलसायेबाची मंडळी मुद्दाम पाहाले आली.”

गोदाबाईने चुलीपुढून मान वर केली. “मले नाही जमत.”

“काहून?”

“गेल्या साली तो ससा माह्याकडं पाहून राहिला होता. अन् मी दिंडं वाढून राहिली होती. मले रातभर अन्न गेलं नाही.”

“सवाशीण हायेस तू. तुह्याच हातचा नैवेद्य लागते. पाव्हण्यायपुढं घराची लाज काढू नको,” असं म्हणून ते बाहेर गेले. बोलणं त्यांच्यापुरतं संपलं होतं.

दुपारी अंगण भरलं. नथा घातलेल्या बायका पुढे बसल्या. वामनरावांना खुर्ची दिली होती.

“निसर्गाचा नियम आहे वहिनी, घाबरायचं काय त्यात?” ते म्हणाले. निसर्गाने लोखंडी पिंजरा कधी केला होता, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

गोदाबाई पिल्लू आणायला आत गेली. मागच्या खोलीत मैनाबाई ते छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडतही नव्हती. रडून या घरात काही मिळतं, ही आशा तिने कधीच सोडली होती.

“बाई, धरून राहा त्याले,” गोदाबाई म्हणाली. “सोडू नका.”

ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात पावशी होती आणि दुसऱ्या हातात दोडका. पिंजऱ्यापुढे पाट मांडून ती बसली, पावशी पायाखाली धरली आणि दोडका चिरायला लागली.

“माय व, पंचमीले चिरलं इनं,” एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली. भटजी ताडकन उठले. वकीलसाहेबांच्या पत्नीने डोळ्यांवर पदर घेतला. गेल्या वर्षी ससा वेटोळ्यात आवळला जात होता तेव्हा ती टाचा उंचावून बघत होती.

“अवं, पावशी ठेव खाली,” खुशालराव पुढे येत म्हणाले.

“थोडा राह्यला,” गोदाबाई म्हणाली आणि उरलेल्या फोडी केल्या. मग तिने वर पाहिलं. “तुमी सारे इतके काहून भेले? दोडका हाये. याले डोळे नाही, तोंड नाही. डोळ्यायचं पिल्लू आनाले सांगतलं, तवा कोणी जागचं हाललं नाही.”

“वहिनी, सणाचं काही पावित्र्य…” वामनरावांनी सुरुवात केली.

“दिवस बाटला,” भटजी म्हणाले. “आता नैवेद्य चालत नाही.”

“मंग झालं,” गोदाबाई म्हणाली. “पुढल्या पंचमीलेबी मी इथंच बसून चिरीन. त्याच्या पुढल्यालेबी. या जनावराचा काई गुन्हा नाही. त्याले मेळघाटात सोडून द्या. तिथं तो आपल्या भुकेनं धरन अन् खाईन. तिथं कोणी दिंडं खात पाहाले येत नाही.”

पाहुणे न जेवता निघून गेले. खुशालराव कित्येक दिवस बायकोशी बोलले नाहीत. पण बाटलेल्या नैवेद्याचा पिंजरा दारात ठेवणं त्यांनाच जड जाऊ लागलं, आणि दिवाळीच्या आत अजगर बैलगाडीतून मेळघाटाकडे गेला. पंचमीच्या संध्याकाळी मात्र त्या दोडक्याची भाजी गोदाबाई आणि मैनाबाईने एका ताटात खाल्ली होती, आणि पिल्लू मध्ये मध्ये ताटात तोंड घालत होतं.

पाटलीणबाईने पंचमीला दोडका चिरला, ही गोष्ट गावात अजून हळहळून सांगतात. सशाची आठवण कोणी काढत नाही.