आडाच्या तालमीची पट्टी

फरहीनच्या घोट्याला मी दुपारी तीन वाजता मैदानाच्या कडेला पांढरी पट्टी बांधली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला गेले. परत आले तेव्हा ती पट्टी कापून जमिनीवर टाकलेली होती. तालमीचा अध्यक्ष विजयसिंह गुडघ्यावर बसून पोरीच्या घोट्याला जांभळी पट्टी गुंडाळत होता. त्याच्या शेजारी माझीच कात्री पडली होती.

चाळीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवला. मुलांवर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. पण मोठ्या माणसांच्या बाबतीत तशी शपथ मी कधी घेतलेली नाही.

"विजय, काय केलंस हे?"

"बाई, आधी हे बघा." त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी पट्टी बांधत असताना कुणीतरी लांबून चित्रीकरण केलं होतं. खाली लिहिलं होतं, 'वडाच्या पोरीला आडाचा आधार!' त्याखाली शे-दोनशे हसणारी तोंडं.

आमची वडाची तालीम जांभळी आणि पलीकडच्या पेठेतली आडाची तालीम पांढरी. मुलींचा फुटबॉल आमच्याकडे यंदाच सुरू झाला, पण भांडण तर आज्या-पणज्यांपासून तयारच होतं. आडाच्या सामन्याला जाताना आमच्यातले काहीजण पांढरा रुमालसुद्धा खिशात ठेवत नाहीत. आज उपांत्य सामना होता आणि समोर आडाच्याच पोरी होत्या.

"अरे, मोज्याच्या आत होती ती पट्टी! आणि वरनं तुझी जांभळी लाव, असं मी शुक्रवारीच म्हटलं होतं ना?"

"आत असली म्हणून काय झालं? आता सगळ्या कोल्हापूरला ठावं झालंय की! आमच्या पोरीच्या पायात पांढरं? माणसं तोंडात शेण घालत्यात माझ्या. आणि ही बी पट्टीच हाय की, बाई. मोठमोठे खेळाडू लावत्यात. भारीतली आणलीया, सगळ्या टीमला."

तीन आठवड्यांपूर्वी सरावात फरहीनचा उजवा पाय आत मुडपला होता. घोट्याशेजारी लिंबाएवढी सूज आली. दहा दिवस पोरगी भिंत धरून चालत होती. मग मी तिला घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर उभी केली, रोज दात घासताना, आधी अर्धं मिनिट, मग एक, मग दोन. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली ती एका अटीवर : घोटा कडक पट्टीनं नीट बांधलेला पाहिजे. येत्या गुरुवारी तिला राज्याच्या शिबिराला जायचं होतं. तोच घोटा आज पुन्हा मुडपला, तर शिबिर गेलं आणि कदाचित खेळही.

मी त्या जांभळ्या गुंडाळीतून वीतभर पट्टी कापली आणि दोन्ही हातांनी ओढली. ती सहज दीड वीत झाली. मग खाली पडलेली माझी पांढरी पट्टी उचलून ओढली. ती तसूभरही हलली नाही.

"पोरींनो, याला सांगा. म्हशीला रबराच्या दाव्यानं बांधतात का?"

"न्हाय, बाई!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. दर रविवारी तालमीच्या आवारात मी पोरींना पट्ट्या बांधायला शिकवते, त्या वर्गात हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारलाय. "म्हस शेजारच्या रानात!"

"दात काढू नका!" विजयसिंह डाफरला.

"त्यांच्यावर ओरडू नकोस. ही जांभळी वाईट नाही. पोटरी भरून आली तर हीच लाव, बरं वाटेल. पण घोटा आत वळताना जिनं अडवायचं, तीच त्याच्याबरोबर ताणली गेली तर काय उपयोग? रंग बघून औषध घेतोस का रे तू?"

"ह्याच कडक पट्टीत जांभळा रंग आणायचा हुता मग!"

"राजारामपुरीतली चार दुकानं फिरले. पांढरीच मिळाली. माझी उरलेली गुंडाळी कुठंय?"

पोरींनी भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं नाला आहे.

"फेकलीस?"

"बाई, धा मिनिटांत सामना हाय. शांत व्हा."

"फरहीन खेळणार नाही. बदली पोरगी उतरव."

"मग गोल कोण मारणार? तुम्ही?"

एवढा वेळ फरहीन खाली मान घालून बसली होती. आता तिनं जांभळ्या पट्टीचं टोक नखानं उचललं आणि चर्रकन् सगळी काढून टाकली.

"ए, काय करतीस?" विजयसिंह म्हणाला.

"काका, पाय माझा हाय."

तिनं एक बूट हातात घेतला आणि मैदानात शिरली. एक पाय बुटात, एक अनवाणी. सरळ मैदान ओलांडून ती पांढऱ्या कपड्यांतल्या पोरींकडं चालली. गॅलरीतून शिट्ट्या सुरू झाल्या आणि आमच्याच बाजूनं शिव्या. मी मागोमाग गेले.

आडाची कप्तान स्वप्नाली. माझ्या रविवारच्या वर्गाला तीही चोरून येते, पांढरा टी-शर्ट घरी ठेवून.

"स्वप्ने, कडक पट्टी हाय?" फरहीननं विचारलं.

"हाय की. बस."

स्वप्नालीनं तिची टाच स्वतःच्या गुडघ्यावर घेतली. "बोटं वर. काटकोनात धर." आधी पातळ स्पंज, मग नडगीवर दोन वेढे. मी हात मागं बांधून उभी होते. पण जीभ कशी बांधणार?

"आतून खाली, टाचेखालनं बाहेर, मग वर ओढ."

"माहीत हाय ओ, बाई. तुम्हीच शिकवलंय." तिनं पट्टी दातानं तोडली, फरहीनची बोटं दाबून रंग पाहिला, मुंग्या येतात का विचारलं. "बांधून दिलीया, पर मैदानात सोडणार न्हाय हां तुला."

"आधी पळून पकड तर!"

दुसऱ्या सत्रात स्वप्नालीनं तिला खरंच पकडलं. दोघी चेंडूवर एकदम आल्या आणि फरहीन खाली आली ती उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर. मी उभी राहिले. घोटा वळायला लागला, अर्ध्यात अडला, आणि पाय सपाट टेकला. पोरगी धडपडली, उठली, पळाली. माझ्या तोंडून जे निघालं ते शाळेत कधीच निघालं नव्हतं.

आम्ही एक विरुद्ध दोन हरलो. आमचा तो एक गोल फरहीनचा.

तालमीच्या खोलीत विजयसिंह टेबलामागं बसला होता. "घरभेदी निघाला तुम्ही, बाई. येत्या रविवारपासनं तालमीच्या आवारात तुमचा वर्ग न्हाय."

मी फरहीनला बाकावर बसवलं आणि तिची पट्टी कात्रीनं मागून कापून अलगद सोडवली. घोट्यावर सूज नव्हती. मी चारी बाजूंनी दाबून पाहिलं. दुखतंय का विचारलं. ती नाही म्हणाली.

निघालेली पट्टी घोट्याच्या आकारात तशीच ताठ उभी राहिली, घामानं ओली, पांढरी. मी ती विजयसिंहच्या टेबलावर ठेवली.

"याचा काढ फोटो," म्हटलं.

त्यानं हात मागं घेतला, जणू भाजला असता. एवढ्या मोठ्या माणसाला पट्टीला बोट लावायचं धाडस होईना. रंगाला भिणारा असला माणूस पोरींच्या पायांचे निर्णय घेतो, ही चीड आज लिहितानाही माझ्या पोटात आहे.

बाहेर येताना फरहीननं विचारलं, "बाई, रविवारी मग कुठं?"

"इथंच, या दारासमोर, रस्त्यावर. सतरंजी मी आणते. तू स्वप्नालीला निरोप दे. तिला म्हणावं, आता चोरून यायचं नाही. तो पांढरा टी-शर्ट घालूनच यायचं."