नाड्या पुढे लागलेले सहा गाऊन

"उद्या चार वाजता वर हॉलमध्ये यायचं, मास्तर. आणि जरा बरा शर्ट घालून या," दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या. "तुमचा सत्कार आहे."

शिवणमशीनवर चाललेला मास्तरांचा पाय जागच्या जागी थांबला.

"माझा? मी काय केलं?"

"अकरा वर्षं फुकट राबलात, तेवढं पुरे नाही का?" सिस्टर हसल्या आणि निघूनही गेल्या. त्या बाईला दोन मिनिटं उभं राहायला कधी सवड म्हणून नसते.

सत्कार म्हणजे काय, हे मास्तरांना मात्र चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षी खिडकीपाशी बसून लोकांचे फॉर्म भरून देणाऱ्या काकांचा सत्कार झाला. टाळ्या झाल्या, फोटो झाला, आणि पुढच्याच सोमवारी काकांची खुर्ची रिकामी. म्हाताऱ्या माणसाला 'आता येऊ नका' असं तोंडावर कसं म्हणायचं? मग हातात एक कागद द्यायचा, टाळ्या वाजवायच्या आणि दार दाखवायचं. मास्तरांचा हिशेब सरळ होता.

त्यातून सोमवारची चूक. बायकांच्या वॉर्डासाठी त्यांनी सहा गाऊन नीट करून गाडीवर चढवले, आणि घरी जाताना भर रस्त्यात त्यांच्या बोटांना आठवलं. डोळ्यांना नव्हे, बोटांना. सहाच्या सहा गाऊनना नाड्या उलट्या टोकाला लावल्या गेल्या होत्या. गाठ पाठीवर यायची ती आता पोटावर येणार. चाळीस वर्षं मशीन चालवलेल्या शिंप्यानं असं करावं! मास्तर रस्त्यातच उभे राहिले, तर मागच्या सायकलवाल्यानं शिवी दिली. ती त्यांना योग्यच वाटली. पण परत जाऊन कुणाला सांगायचा धीर काही झाला नाही.

म्हणजे वर कळलं होतं तर. डोळे गेले म्हाताऱ्याचे, आता पुरे.

या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले ते शिवायला नव्हे. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, चाला, नाहीतर अंग धरेल. ती काही उठेना. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. मग एकदा मास्तर एकटेच बसलेले असताना ती फणकारली, "दुखायला काय झालंय? हा झगा मागून सगळा उघडा! एवढ्या लोकांतून मी अशी चालू? त्यापेक्षा मेलेली बरी!"

मास्तरांनी एक गाऊन पिशवीत घातला, चक्क चोरला म्हणा ना, आणि घरी नेऊन मागच्या बाजूला वीतभर पट्टी जोडली. एक पदर दुसऱ्यावर नीट चढेल अशी. दुसऱ्या दिवशी बायको व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. शेजारच्या खाटेवरची म्हणाली, "भाऊ, मला पण एक." मग पलीकडची म्हणाली. चोरी पकडली मोठ्या सिस्टरनीच. गाऊन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "असे किती करून द्याल?"

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी तळघरात, लाँड्रीला लागून असलेल्या खोलीत मास्तरांचं मशीन चालायचं. बायको पुढे नऊ वर्षं धडधाकट जगली. दोन वर्षांपूर्वी गेली, पण मास्तरांचा सोमवार काही सुटला नाही. खरं सांगायचं तर आता त्या दोन दिवसांसाठीच ते दाढी करत होते.

शुक्रवार उजाडला. मास्तरांनी बरा शर्ट घातला खरा, पण हॉलकडे न जाता ते तीन वाजताच तळघरात उतरले. निदान उरलेला ढीग तरी संपवून जावं. सात उशांचे अभ्रे शिवले, मशीन पुसून तेल दिलं, स्वतःची कात्री कापडात गुंडाळली. सव्वाचार झाले असतील, तेवढ्यात लाँड्रीच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. कंबरेवर हात. या मावशींच्या तोंडाला वरचे डॉक्टरसुद्धा बिचकतात.

"इथं लपलाय होय! वर सगळे तुमच्या नावानं बोंबलतायत."

"मी येत नाही, मावशी. मला काढायचं तर असंच काढा. टाळ्या कशाला?"

"कोण काढतंय तुम्हाला?"

"काकांचं नाही झालं तसं?"

"अहो, काका मुलीकडे राहायला गेले! तिला जुळी झाली. त्यांनीच महिनाभर आधी सांगितलं होतं. तुम्ही मशीनमधून डोकं वर काढाल तर कळेल ना!"

मास्तर एकदाचे बोललेच. "सोमवारी मी सहा गाऊन बिघडवले. नाड्या पुढे लावल्या."

"माहीत आहे. घड्या मीच घातल्या ना?"

"मग थांबवले का नाहीत?"

"मला वाटलं, नवीन फॅशन असेल." मावशींना हसू आवरेना. "आणि बायकांच्या वॉर्डातली सिस्टर सकाळी दोनदा खाली येऊन गेली, तुम्हाला शोधत. तिथं खांद्याचं ऑपरेशन झालेली एक बाई आहे. हात मागे जातच नाही तिचा. दर वेळी गाठ मारायला हाक मारायची आणि मग लाजून रडायची. तुमचा गाऊन घातला, आणि आपली आपण गाठ मारून फिरतेय दोन दिवस. सिस्टर म्हणते, मास्तरांना सांगा, असेच चुकून आणखी वीस करून द्या."

मास्तर स्टुलावर बसले. नाकातून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. पण लगेच मान खाली गेली.

"ते झालं हो. पण डोळे खरंच गेलेत माझे. सुईचं भोक दिसत नाही."

"हे मला सांगताय?" मावशी कडाडल्या. "दोन वर्षं तुमच्या सुया कोण ओवून ठेवतंय? सकाळी आल्यावर टाचण्यांच्या उशीत दहा सुया दोऱ्यासकट टोचलेल्या असतात, मशीनमध्ये दोरा भरलेला असतो. तुम्हाला काय वाटलं, उंदीर भरतात?"

मास्तरांना वाटत होतं, आपणच आदल्या खेपेला चाचपडत भरून ठेवतो. वय झालं, विसरतो. ते मावशींकडे बघत राहिले. साबणानं भेगाळलेले हात. कामावर हजर व्हायच्या आधी येत असणार ही बाई. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

"मावशी, मग हॉलमध्ये तुम्ही पण चला."

"मी? या अवतारात?"

"तुम्ही नाही तर मी नाही."

"काय हट्टी माणूस आहे!" म्हणत मावशी निघाल्या, ओलं फडकं खांद्यावर तसंच.

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. मावशी मागच्या ओळीत कडेला बसल्या. मोठ्या सिस्टरनी माईकवर काय सांगितलं ते मास्तरांना फारसं ऐकूच आलं नाही, कान नुसते गरम झाले होते. मोठ्या डॉक्टरांनी काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं आणि हात हातात घेतला. आणि मास्तरांच्या अंगठ्याला लागली कोटाच्या बाहीची उसवलेली दुमड.

"साहेब, बाही उसवलीय," मास्तर म्हणाले. माईक जवळच होता, सगळ्या हॉलनं ऐकलं. "सोमवारी कोट खाली पाठवून द्या. मी आहे."

डॉक्टरांनी बाही पाहिली. "सोमवारी कशाला, आत्ताच न्या," म्हणाले आणि कोट उतरवून दिला. लोक हसले, मग उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

मास्तर कोट दोन्ही हातांवर आडवा घेऊन, चौकट काखेत दाबून व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले. थेट मागच्या ओळीपर्यंत आले.

"ही धरा जरा," मावशींना म्हणाले. "कोट चुरगळतोय."

"मी कशाला? माझे हात ओले."

"धरा हो."

मावशींनी हात आधी साडीला पुसले, मग चौकट घेतली. आणि कार्यक्रम संपेपर्यंत मांडीवर उभी धरून बसल्या, समोर बघत.