बरोबरीत सोडवलेला सामना

दुबलगुंडीच्या जत्रेच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना जादा वेळेनंतरही एक-एक असा बरोबरीत राहिला. आता पेनल्टी व्हायच्या होत्या. एका बाजूला हुमनाबादचे कॉलेज, दुसऱ्या बाजूला संतपूरचे. जिंकणारा संघ विद्यापीठाच्या वतीने पुढच्या स्पर्धेला जाणार आणि तिथेही जिंकला तर राष्ट्रीय स्पर्धेला. हरणारा संघ घरी.

हुमनाबादचे मैदान पाइपलाइनसाठी खोदून ठेवले होते, म्हणून दुबलगुंडीच्या जत्रा समितीने आपली जागा देऊ केली होती. मंडप समितीचा, हलगीवाले समितीचे, चषकही समितीचाच. गोलच्या जाळ्या समितीचे कुस्तीचे ज्येष्ठ पंच हणमंतप्पा यांनी स्वतः बांधल्या होत्या, कारण हुमनाबादची कप्तान आणि गोलकीपर चैत्रा त्यांची मुलगी होती.

चैत्रा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या वर्षी ती कॉलेजात नसणार, म्हणजे पुढे खेळायचे तर हीच वेळ. पेनल्टी अडवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. उपांत्य सामना तिनेच तसा जिंकून दिला होता. तो कलबुर्गीला झाला आणि हणमंतप्पांनी तो पाहिला नव्हता.

"आता काय करायलेत हे?" त्यांनी शेजारच्या माणिकप्पांना विचारले.

"आता एकेक पोरगी येनार अन् बॉल मारनार. तुमची चैत्रा एकटी हुबी. अडला तर वाघीन, न्हाई अडला तर..." माणिकप्पांनी हात झटकला.

"सगळ्या गावासमोर?"

"मग काय चुलीपाशी?"

मागे बसलेल्यांचे वेगळेच चालले होते. कोणी म्हणत होता, ज्यांनी जास्त वेळा गोलवर मारला त्यांना जिंकवा. कोणी म्हणे, पाच शहाणी माणसे बसवा आणि त्यांना ठरवू द्या. "पाच शहाणे दुबलगुंडीत आणायचे कुठून?" असे कोणीतरी विचारले आणि सगळे हसले.

हणमंतप्पा हसले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ लिंगराज याच मैदानावर जत्रेची शेवटची, चांदीच्या कड्याची कुस्ती हरला होता. अंधार पडेपर्यंत कुस्ती निकाली झाली नव्हती. लोकांनी ओरडून ओरडून निकाल मागितला आणि पुढच्याच झटापटीत लिंगराजची पाठ मातीला लागली. गावाने त्याला महिनाभर चिडवले. तो हैदराबादला गेला आणि पुन्हा जत्रेला आला नाही. तेव्हापासून हणमंतप्पा पंच असताना तोलामोलाची कुस्ती बरोबरीतच सुटे. दोघा पैलवानांचे हात ते स्वतः वर करत आणि नारळ फोडून अर्धा अर्धा देत. पंचक्रोशीत याबद्दल त्यांचे नाव होते.

रेफरी चेंडू खुणेवर ठेवत होता. चैत्रा हातमोजे घट्ट करत गोलकडे निघाली होती. हणमंतप्पा उठले, चपला काढल्या आणि मैदानात शिरले. त्यांनी एका हाताने चैत्राचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने संतपूरची कप्तान विजयश्री हिचे, आणि दोन्ही हात वर केले.

"बरोबरीत सोडवली!"

हलगी कडाडली. लोक मैदानात धावले. गुलाल उडाला, नारळ फुटला. बीदरहून आलेला तरुण रेफरी शिट्टी वाजवत राहिला, पण ती कोणाच्या कानावर गेली नाही. मैदान रिकामे झाले तेव्हा चेंडू दिसेनासा झाला होता. रेफरीने सामना अनिर्णित असल्याचे लिहिले. चषक सहा महिने हुमनाबादला, सहा महिने संतपूरला, असे समितीने जाहीर केले. लोक खूश होऊन घरी गेले.

घरी चैत्रा जेवली नाही. आई महादेवीने ताट झाकून ठेवले.

"तुला एकटीला हुबं करायलते ते," हणमंतप्पा म्हणाले. "म्हनून मधी पडलो."

"अप्पा, मी त्याचीच वाट बघायलते."

"हरली असतीस तर?"

"तर हरले असते. तुमी कामून आलाव?"



विद्यापीठाला एकच संघ पाठवायचा होता. पुन्हा सामना खेळवायला दिवस उरले नव्हते. निवड समिती बसली आणि तिने गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाचे नाव वर कळवले. तो संघ कलबुर्गीचा होता. यंदा उपांत्य सामन्यात संतपूरने त्याला हरवले होते.

हणमंतप्पा माणिकप्पांना घेऊन कलबुर्गीला गेले. क्रीडा अधिकाऱ्याने दोघांना खुर्ची दिली, चहा मागवला.

"चूक माझी हाय," हणमंतप्पा म्हणाले. "पोरींची न्हाई. दोघींतली कुनीबी पाठवा, संतपूरची पाठवा."

"यादी गेली, अण्णा."

"पन कलबुर्गीच्या पोरी तर हरलेल्या!"

"समितीनं त्यांचा गेल्या वर्षीचा खेळ बघितला."

"गेल्या साली जिंकलेल्या पैलवानाला औंदा कडं देतेत व्हय?"

अधिकाऱ्याने कपाकडे पाहिले. "तुमचं खरं आहे. पण मैदानावर ठरू दिलं असतंत, तर आम्हाला बसावं लागलं नसतं."



रविवारी सकाळी विजयश्री एकटीच बसने दुबलगुंडीला आली. खांद्यावरच्या पिशवीत चेंडू होता. चैत्रा दारात आली तेव्हा ती म्हणाली, "पेनल्टी राहिल्यात न्हवं आपल्या?"

जत्रेची दुकाने उठली होती. गोलचे खांब आणि जाळ्या अजून होत्या. हणमंतप्पा मुलींच्या मागून गेले आणि कुस्तीच्या हौदाच्या कडेला बसले. गाव रानात गेले होते, पाहायला दुसरे कोणी नव्हते.

विजयश्रीने पाच मारल्या. पहिली कोपऱ्यातून आत गेली. दुसरी चैत्राने डावीकडे झेपावून अडवली, तिसरी पायाने. चौथी आत. पाचवी जोरात आली. ती तिने छातीशी धरली आणि धरूनच मातीत पडून राहिली.

"तीन अडवल्यास गं," विजयश्री म्हणाली. "तुमीच जिंकला असताव."

"तुमच्या कीपरनं चार अडवल्या असत्या तर?"

"व्हय. तेबी हाय."

 मग विजयश्रीने चेंडू पिशवीत टाकला.

हणमंतप्पा उठून जवळ आले. "आनखी मारा की. मी मधी येत न्हाई."

"बस निघंल, काका," ती म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली. चैत्रा तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली.

ती परत आली तेव्हा हणमंतप्पा गोलच्या खांबापाशी उभे होते. त्यांनीच मारलेल्या गाठीवर त्यांचा हात होता.

"जाळी सोडू का?" त्यांनी विचारले.

चैत्राने हातमोजे काढले, एकात एक घातले.

"सोडा," ती म्हणाली.